सबळ कारण

देशानं मला पाठवलेलं पहिलं पत्र
दंडाचं आहे.
वीस डॉलर.
मतदानाच्या दिवशी तुमच्या नावापुढे खूण झालेली नाही,
न येण्याचं सबळ कारण असल्यास कळवा.
कारणासाठी खाली तीन ओळी आखलेल्या.

शेपर्टनच्या शेडमध्ये मी नाशपाती निवडते,
डागाळलेली इकडे, धड ती तिकडे.
सहा वर्षं मलाही असंच निवडत होते:
मुलाखत, बोटांचे ठसे, पुन्हा मुलाखत,
आईचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं कसं,
जन्मतारीख एक जानेवारीच का.
आमच्या अख्ख्या गल्लीचा वाढदिवस एक जानेवारीला असतो, बाई,
कारकुनाला तेवढी एकच तारीख पाठ होती.

मग एका मंगळवारी नगरपालिकेच्या सभागृहात
शपथ, चहा, आणि हातात एक रोप.
इथल्याच मातीचं आहे, महापौरबाई म्हणाल्या,
कुठेही रुजेल.
घरमालक म्हणाला, अंगणात खणायचं नाही.
तेव्हापासून ते तेलाच्या डब्यात आहे,
मुळं बुडाशी गोल गोल फिरत असतील.

शनिवारी मी गेले होते. खरंच गेले होते,
शाळेच्या फाटकापर्यंत.
सॉसेज भाजल्याचा धूर, कुणाची कुत्री, कुणाची मुलं,
आणि भिंतीला लागून रांग.
रांग दिसली की पाय मला विचारत नाहीत.
क्वेट्ट्यात, कार्डांच्या रांगेत,
सुग्रा माझ्यापुढे उभी होती.
मी पाणी आणायला गेले होते,
एवढ्याच फरकानं दंड मला भरायचाय,
तिला नाही.

लिहिलं: तब्येत बरी नव्हती. खोडलं.
लिहिलं: रात्रपाळी होती. खोटं. खोडलं.
लिहिलं: सुग्रा.
पुढच्या दोन ओळी कोऱ्याच.

शेजारचे दोनातो शिडी परत द्यायला आले.
बावन्न वर्षं या गावात. कर भरला,
वणव्यात बंबावर राहिले, भुवया जाळून घेतल्या,
पण तो कागद काही केला नाही.
आई म्हणायची, दुसरी शपथ घेतलीस
तर पहिली ठेवशील कुठे?
आई जाऊन तीस वर्षं झाली,
प्रश्न मात्र घरातच राहिला.
त्यांनी माझं पत्र चष्म्याशी धरलं,
उलटं करून मागची बाजूही पाहिली.
"मी का आलो नाही," ते म्हणाले,
"हे मला कधी कुणी विचारलं नाही."

मग मीही पत्र पुन्हा वाचलं.
जिथे जन्मले तिथली गल्लीच्या गल्ली रिकामी झाली,
कुणी पत्र नाही पाठवलं.
इथे एक बाई फाटकावरून परत फिरली
तर कुठल्याशा टेबलावर तिची जागा उरली,
आणि कुणीतरी ती मोजली.

वीस डॉलर भरले.
पावती शपथेच्या कागदाला टाचली.

पुढच्या खेपेला दोनातो सोबत आले.
त्यांना आत काहीच काम नव्हतं.
तरी रांगेत उभे राहिले, अंग जरा तिरकं करून,
माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये.
कुणी काही म्हणालं नाही. रांग सरकत होती,
एवढंच तर रांग करते, नाही का,
सरकते.

आत दोरीला बांधलेली पेन्सिल.
पेन्सिल! म्हणजे खोडता येईल असं मत,
आणि कुणी खोडणार नाही म्हणून खात्री.
ही खात्री कोण देतं, मी इकडेतिकडे पाहिलं.
टेबलामागे एक शाळामास्तर डबा खात होता.
बहुधा तोच. बहुधा आता मीही.
चौकोनांत एक ते सात आकडे घालायचे.
सातपाशी हात आमच्या सातकडे वळला,
थांबवला, इथला काढला.

बाहेर दोनातोंनी विचारलं, कुणाला पहिला दिलास?
म्हटलं, सांगायचं नसतं.
ते इतके खूश झाले
की माझ्या पावाचे पैसे त्यांनीच दिले,
नुसता कांदा घातलेला.

रोप माझ्या परसात लाव, म्हणतात,
जमीन माझीच आहे.
अजून काही ठरवलं नाही.
डब्याला खालून एक भोक पाडलंय.